जुन्या आऊटबोर्डला पेट्रोल पोचत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती ८ ते ४० एचपीच्या जुन्या, कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डसाठी, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांसाठी आहे. सुटी टाकी, रबरी नळी, मधे हाताने दाबायचा बल्ब, मशीनवर डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) पंप आणि शेवटी कार्बोरेटर, अशी त्यांची रचना. कोकणात आणि गोव्यात होड्यांना लागलेली यामाहा, सुझुकी, टोहात्सु, मर्क्युरी यांची जुनी मॉडेल्स बहुतेक याच घडणीची. इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोकला यातलं टाकी-नळीपर्यंतचंच लागू पडतं.

किनाऱ्यावरचा रिवाज असा की मशीन अडखळलं की पहिला पाना कार्बोरेटरला लागतो. आमचं म्हणणं उलटं आहे. टाकीच्या झाकणापासून सुरुवात करा आणि पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने पुढे सरका; कार्बोरेटर शेवटचा. दोष पुष्कळदा दहा रुपयांच्या ओ-रिंगमध्ये (जोडातल्या रबरी कड्यात) असतो आणि तो शोधताना चांगला बसलेला कार्बोरेटर विनाकारण खोलला जातो.

दोष पेट्रोलचाच आहे, करंटचा (ठिणगीचा) नाही, हे कसं ओळखायचं?

मशीन पडतं कसं ते बघा. करंट गेला तर मशीन फटकन बंद होतं किंवा ठोके चुकवतं. पेट्रोल कमी पडलं तर आधी ताकद ओसरते, आवाज खाली येतो, दोन-तीनदा उचल घेण्याचा प्रयत्न होतो आणि मग ते मरतं. थोडं थांबलात की पुन्हा सुरू होतं, तेवढाच वेळ चालतं आणि पुन्हा तेच. कार्बोरेटरची वाटी (त्यात पेट्रोल साठतं तो भाग) हळूहळू भरते आणि झपाट्याने रिकामी होते, त्याचा हा ताल.

पक्कं करायचं तर मशीन पडायला लागताच चोक क्षणभर अर्धा ओढा. उचल घेतली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी गुदमरलं तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा भानगड करंटची आहे. बंद पडल्या पडल्या प्लग काढून पाहा. कोरडा आणि पांढुरका असेल तर पेट्रोल येत नाही. काळा आणि ओला असेल तर येतंय, पण जळत नाही. ठिणगी तपासताना प्लग मशीनच्या अंगाला नीट टेकवा आणि प्लगच्या उघड्या भोकापासून, सांडलेल्या पेट्रोलपासून लांब धरा.

स्लोला तासभर चालतं, फुल रेस दिली की दोन मिनिटांत मरतं. असं का?

कारण दोन्हीकडची मागणी अगदी वेगळी आहे. ४० एचपीचं टू-स्ट्रोक फुल रेसला तासाला साधारण १५ ते २० लिटर पितं. स्लोला ते लिटर-दोन लिटरवर भागतं. नळी अर्धी बुजलेली असली, पंप थकलेला असला, तरी स्लोपुरतं पेट्रोल येत राहतं. म्हणून जेटीवर रिकामं फिरवून ‘मशीन ठीक आहे’ असं सांगणं व्यर्थ. पिंपात लावून तपासलं तरी हा दोष दिसत नाही, कारण तिथे मशीनवर लोड येत नाही. होडी पाण्यात, माणसं आणि सामान भरून, निदान पाच मिनिटं पूर्ण रेस, हीच खरी चाचणी.

याच्या उलट, फुल रेसला चांगलं चालतं पण स्लोला राहत नाही, तर टाकी-नळीला हात लावू नका. तो दोष बहुतेक वेळा पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजल्याचा असतो.

बल्ब दाबून नेमकं काय कळतं?

सगळ्यात जास्त माहिती तोच देतो, आणि फुकट. दोघं जण लागतात: एक टिलरवर (मशीन वळवायच्या दांड्यावर), दुसरा बल्ब हातात धरून. मशीन फुल रेसला पडायला लागलं की त्या क्षणी बल्ब कसा आहे ते पाहायचं.

बल्ब चपटा झालाय, आत ओढला गेलाय: अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. झाकणाचा व्हेंट (हवा आत घ्यायचं भोक) बंद, टाकीतली जाळी बुजलेली, नळी कशाखाली तरी चेंगरलेली किंवा टाकीकडच्या कनेक्टरचा व्हॉल्व्ह अडकलेला. पंप ओढतोय, पण मागून काही येत नाही.

बल्ब गोल पण मऊ आहे आणि दाबत राहिलं की मशीन नीट चालतं: पंप कमजोर आहे किंवा पंपाच्या अलीकडे कुठेतरी हवा शिरते आहे. तुमचा हात पंपाचं काम करतोय, म्हणून ते चालतं.

बल्ब भरलेला, घट्ट आहे आणि दाबून काहीच फरक पडत नाही: बल्बच्या पुढे अडलंय. मशीनवरचा फिल्टर, कार्बोरेटरची सुई (वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी), मेन जेट (फुल रेसचं पेट्रोल देणारं भोक). किंवा मुळात पेट्रोलचा दोषच नाही.

दाबल्यावर मशीन धूर ओकतं आणि गुदमरतं: कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय.

यात एक फसवी केस आहे. जुन्या नळीचा आतला थर सुटतो आणि आत जिभेसारखा लोंबतो. पंपाच्या ओढीने ती जीभ नळी बंद करते, बल्बच्या दाबाने उघडते. बाहेरून नळी नवी दिसते, फुंकून पाहिली तर मोकळी वाटते. लक्षणं सगळी पंप गेल्याची, पण नवा पंप बसवूनही दोष तसाच राहतो. नळी किती जुनी आहे हे आठवत नसेल तर पंपाच्या आधी नळी बदला.

खोलाखोलीला वेळ नाही. सर्वात झटपट तपासणी कोणती?

शेजारच्या होडीची चालू टाकी, नळी-बल्बसकट, तुमच्या मशीनला लावा. कनेक्टर एकाच कंपनीचा हवा. यामाहाचा सुझुकीला बसत नाही. मशीन नीट चाललं तर दोष तुमच्या टाकीत किंवा नळीत. तसंच पडत राहिलं तर मशीनच्या कव्हरच्या आत.

दुसरी टाकी नसेल तर आपलीच टाकी मशीनच्या पातळीच्या वर उचलून ठेवा, आडव्या फळीवर, नीट बांधून, आणि चालवून पाहा. उंचीमुळे पेट्रोल आपसूक खाली येतं. एवढ्याने फरक पडला तर पंप थकलाय किंवा नळी हवा घेतेय.

टाकीत काय काय बिघडतं?

झाकणावरचा व्हेंट स्क्रू बंद राहणं हा सगळ्यात सामान्य दोष. जितकं पेट्रोल बाहेर जातं तितकी हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकीत ओढ तयार होते आणि पंप हरतो. झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत गेली आणि मशीन सुधारलं, तर दुसरं काही शोधू नका. स्क्रू उघडा असूनही असं होत असेल तर त्याच्या भोकात मीठ आणि तेलाचा चिकटा जमलेला असतो.

उलटा प्रकारही होतो. दुपारच्या उन्हात व्हेंट बंद ठेवलेली टाकी फुगते. तशीच नळी जोडली तर आतला दाब पेट्रोलला बल्बमधून, पंपातून, सुईच्या पलीकडे ढकलतो आणि स्टार्ट करायच्या आधीच मशीन फ्लड होतं, म्हणजे त्यात जास्त पेट्रोल भरतं. म्हणून आधी व्हेंट उघडायचा, मग नळी जोडायची.

नळी जिथून निघते ती फिटिंग टाकीतून काढली की खाली लांब दांडी आणि टोकाला जाळी दिसते. जाळीवर तपकिरी चिकटा, दोरीचे धागे, जुन्या लोखंडी टाकीत गंजाचे पापुद्रे असतात. दांडीला बारीक चीर असेल तर टाकी अर्ध्यावर आली की मशीन हवा ओढायला लागतं; भरलेल्या टाकीवर मात्र काही तक्रार नसते. ‘अर्धी टाकी झाली की बंद पडतं’ असं कोणी सांगितलं की आधी ही दांडी बघावी.

बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नाही.

आधी बाण पाहा. बाण मशीनकडे हवा. मग बल्ब उभा धरा, मशीनकडचं टोक वर, आणि दाबा. आतले दोन व्हॉल्व्ह बल्ब आडवा असताना नीट बसत नाहीत. कोरड्या नळीला पाच-दहा दाबांत कडकपणा यायला हवा.

तरी मऊच राहिला तर बल्बच्या पुढची नळी पकडीने, फडक्यात गुंडाळून, हलकेच बंद करा आणि दाबा. आता कडक झाला तर बल्ब चांगला आहे. पेट्रोल पुढे कुठेतरी निसटतंय, बहुधा कार्बोरेटरच्या सुईतून. तरीही मऊच, तर बल्बचे व्हॉल्व्ह गेले किंवा मागच्या बाजूने हवा येतेय. बल्ब दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, नवा लावा. मात्र अगदी स्वस्त बल्बचं रबर हल्लीच्या पेट्रोलमध्ये एका हंगामात फुगतं आणि व्हॉल्व्ह जागचे हलतात.

नळी हवा घेतेय असं वाटतं, पण गळती कुठेच दिसत नाही.

दिसणारही नाही. टाकीपासून पंपापर्यंतची नळी मशीन चालू असताना ओढीखाली असते. बारीक फटीतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. साबणाचं पाणी इथे काही सांगत नाही.

पंपाच्या ठीक अलीकडे वीतभर पारदर्शक पेट्रोल-नळी तात्पुरती घाला आणि मशीन लोडवर चालवा. सुरुवातीला चार बुडबुडे येतीलच. नंतरही सलग बुडबुड्यांची माळ चालू राहिली तर हवा शिरते आहे. मग एकेक जोड तपासायचा, पण या क्रमाने: मशीनकडच्या कनेक्टरची ओ-रिंग, टाकीकडच्या कनेक्टरची ओ-रिंग, बल्बच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा, फिल्टरच्या वाटीचं सील. पहिल्या ओ-रिंगवर संशय सर्वांत जास्त, कारण रोज काढ-घाल तिथेच होते आणि वाळूही तिथेच बसते. कनेक्टर हाताने मशीनकडे दाबून धरल्यावर बुडबुडे थांबले तर दोष सापडला. ओ-रिंग पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची हवी; नळाच्या वॉशरच्या डब्यातली चालत नाही.

जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून थेट कार्बोरेटरच्या सुईखाली जाऊन बसतात. सिलिकॉन सीलंटचंही तेच: पेट्रोलने ते फुगतं, तुकडे पडतात आणि जेटमध्ये पोचतात.

नळी कोणती घ्यावी?

१५ ते ४० एचपीला आतून ८ मिमी, म्हणजे ५/१६ इंच. लहान मशीनची ६ मिमी नळी ४०ला लावली तर स्लोला कळत नाही, फुल रेसला कमी पडते. बोटीच्या इंधननळीवर ‘जे१५२७’ हा मानकाचा छाप असतो, तो बघून घ्या. बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी तर लावूच नका. पेट्रोलने ती महिन्या-दोन महिन्यांत काठीसारखी कडक होते आणि जोडावर तडकते. लांबी दोन-अडीच मीटर पुरे. क्लिपा स्टेनलेसच्या, बेताने आवळलेल्या. जास्त आवळली तर क्लिप नळी कापते.

ई२० पेट्रोलमुळे जुनं मशीन बिघडतं का?

बिघडतं, पण लोक समजतात त्या कारणाने नेहमीच नाही. देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच मिळू लागलं. जुन्या आऊटबोर्डच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा सहसा १० टक्के दिलेली असते.

पहिला परिणाम रबरावर. जुनी नळी, बल्ब, पंपाचा डायफ्रॅम, सुईचं टोक हे सगळं फुगतं, मऊ पडतं किंवा कडक होऊन तडकतं. दुसरा, इथेनॉल टाकीच्या भिंतींना वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सोडवतं. त्यामुळे ई२० सुरू केल्यावर पहिल्या काही टाक्यांमध्ये फिल्टर पुन्हा पुन्हा भरतो. तिसरा परिणाम, इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने तेच जेट ठेवून मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. आधीच नळी बुजलेली असेल तर हा फरक मशीनला जड जातो.

सगळ्यात वाईट चौथा. इथेनॉल हवेतला दमटपणा आणि टाकीतलं पाणी आपल्यात सामावून घेतं, पण त्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे पडतात आणि तळाशी जाऊन बसतात. तुम्ही पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली दांडी तळातूनच ओढते, म्हणजे मशीनला जातं ते पाणी आणि इथेनॉल, तेलाचा थेंब नसलेलं. मशीन अडखळलं म्हणून तुम्ही पेट्रोलचा दोष शोधत बसता, आणि आत पिस्टन कोरडा घासत असतो. असं पेट्रोल वरून ताजं मिसळून सुधारत नाही. टाकायचंच.

पेट्रोलमध्ये पाणी आहे की नाही, घरी कसं बघायचं?

काचेची स्वच्छ बाटली घ्या. टाकी तिरकी करून तळातलं पेट्रोल त्यात काढा आणि वीस मिनिटं न हलवता ठेवा. आऊटबोर्डच्या तेलाचा निळसर किंवा हिरवट रंग वर दिसेल. खाली वेगळा, बिनरंगी थर आणि मधे स्पष्ट रेघ दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून तिथलाही नमुना बाटलीत घ्या. टाकीतलं पेट्रोल चांगलं आणि वाटीत पाणी, असंही असतं. तो स्क्रू पितळेचा आणि नरम असतो, बरोब्बर बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनेच फिरवा.

इथेनॉल किती आहे हे बघायचं तर मापाच्या खुणा असलेल्या १०० मिलीच्या नळकांड्यात १० मिली पाणी आणि ९० मिली साधं, तेल न घातलेलं पेट्रोल घ्या, हलवून थांबा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर १९-२० मिलीच्या आसपास आला तर ई१०, २८ च्या आसपास आला तर ई२०.

मासेमारी बंदी उठली, मशीन काढलं, आता सुरूच होत नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मशीनची मासेमारी बंद असते आणि पर्यटनाच्या बोटी तर त्याहून जास्त काळ वर ओढलेल्या असतात. दोन महिने पावसाळी हवेत टाकीत राहिलेलं मिक्स (तेल मिसळलेलं) पेट्रोल पुन्हा वापरायचं नाही, एवढं ठरवून टाका. त्याचा वास आंबूस, वार्निशसारखा झालेला असतो.

टाकी रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसा. नळीतलं आणि बल्बमधलं जुनं पेट्रोल बाहेर पिळून काढा. फिल्टरची वाटी धुवा. कार्बोरेटरचा ड्रेन सोडा. मग ताजं मिक्स घालून बल्ब दाबा आणि ड्रेनमधून स्वच्छ पेट्रोल आलं की स्क्रू बंद करा. निम्म्याहून जास्त मशीनं एवढ्यावर सुरू होतात. जी होत नाहीत त्यांच्या पायलट जेटमध्ये चिकटा वाळलेला असतो, आणि तिथे कार्बोरेटर खोलण्यावाचून इलाज नाही.

पुढच्या वर्षीसाठी: मशीन वर घेताना गोड्या पाण्यावर चालवताना नळी काढून स्लोला थोडं पेट्रोल संपू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका, वाटीचा ड्रेन सोडून उरलेलं काढा. दोन-तीन कार्बोरेटरच्या मशीनमध्ये सगळ्या वाट्या एकाच वेळी रिकाम्या होत नाहीत. आधी रिकामी होणाऱ्या सिलिंडरला पेट्रोलबरोबर तेलही मिळत नाही, म्हणून तिथे आम्ही चालवून संपवण्यापेक्षा ड्रेन करणंच पसंत करतो.

पंप गेलाय का, कसं कळेल?

हा पंप कॅमवर चालत नाही. क्रँककेसमध्ये (पिस्टनमागच्या बंद पोकळीत) पिस्टनच्या हालचालीने जो दाब कमी-जास्त होतो त्याने एक पातळ डायफ्रॅम आत-बाहेर हलतो, आणि दोन छोटे झडपेसारखे व्हॉल्व्ह पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देतात. एवढंच.

तीन गोष्टी बिघडतात. डायफ्रॅम कडक होतो: पंप कमी ढकलतो, फुल रेसला मशीन मरतं. व्हॉल्व्हची पात वाकते किंवा तिच्याखाली कचरा अडकतो: लक्षण तेच. डायफ्रॅमला टाचणीएवढं भोक पडतं: इथे लक्षण वेगळं. पेट्रोल भोकातून थेट क्रँककेसमध्ये जातं, मशीन धूर काढतं, प्लग ओला होतो, आणि लोक कार्बोरेटर ओव्हरफ्लो समजून सुई बदलतात. तपासायला पंप मशीनच्या बोल्टांवरून सोडवा, नळी तशीच ठेवा, आणि बल्ब दाबा. दाबाच्या भोकातून, म्हणजे जे भोक क्रँककेसला जोडतं तिथून, थेंबभरही पेट्रोल आलं तर डायफ्रॅम फाटलाय.

पंपाचं किट बसवलं, तरी पेट्रोल येत नाही.

थर उलटसुलट लागले असतील. खोलताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा आणि पंपाच्या कडेवर आडवी रेघ मारून ठेवा. जोडताना रेघ जुळली पाहिजे. डायफ्रॅमवर सुरकुती नको, स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे आवळा.

आणखी एक कारण नेहमी निसटतं. पुष्कळ लहान मशीनमध्ये पंप कार्बोरेटरच्याच अंगावर असतो आणि क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या गॅस्केटमधल्या एका बारीक भोकातून पंपाला मिळतो. गॅस्केट उलटं बसलं किंवा शीटमधून घरी कापताना ते भोक राहून गेलं, तर नवा कोरा पंपही ढिम्म हलणार नाही.

आणि हे सगळं बरोबर असेल, तर कॉम्प्रेशन मोजा. क्रँकचं सील गेलं असेल किंवा सिलिंडर खाल्लेला असेल तर पंपाला ढकलायला दाबच उरत नाही. तिथे पंप दोषी नाही.

कार्बोरेटर साफ करताना काय सांभाळायचं?

पायलट स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि वळसे मोजून लिहून ठेवा. बहुतेक मशीनांत हा आकडा एक ते दोनच्या मधे असतो. जोर लावलात तर टोक खराब होतं आणि स्लो कायमचा बिघडतो.

वाटी काढा, फ्लोटची (वाटीत तरंगून सुई वर-खाली करणाऱ्या भागाची) पिन, फ्लोट, सुई, मेन जेट, नोझल, पायलट जेट, सगळं वेगळं करा. अॅल्युमिनियमवर पांढरी पूड दिसली तर खारं पाणी शिरलं होतं. पितळेवर हिरवट थर दिसला तर पाणी बराच काळ राहिलं होतं. रबर आणि प्लॅस्टिक बाजूला ठेवून धातूचे भाग कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा. मग प्रत्येक वाटेतून हवा मारा आणि ती दुसऱ्या टोकाने बाहेर येते का ते बोट लावून पाहा. सुई बसलेली असताना हवा मारू नका.

जेट आभाळाकडे धरून पाहा. भोक गोल आणि लख्ख दिसायला हवं; कडेला तपकिरी चंद्रकोर दिसली तर ते अजून बुजलेलं आहे. टाचणी, पोलादी तार घालायची नाही, भोक मोठं होतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार फार तर चालेल.

सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला, शक्यतो सीटसकट. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो बाद. जुन्या जॉन्सन-इव्हिनरूडमध्ये कॉर्कचे फ्लोट सापडतात, त्यांचा वार्निश इथेनॉल खातं आणि कॉर्क जड होऊन बुडतो.

सगळं जोडल्यावर कव्हर उघडं ठेवून बल्ब कडक करा आणि पाच मिनिटं थांबा. कार्बोरेटरच्या तोंडातून थेंब पडला तर सुई धरत नाही. तसंच स्टार्ट करू नका.

तेल किती घालायचं? जास्त घातलं तर मशीन जास्त टिकतं का?

पुस्तिकेत असेल तेवढंच. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. नव्याने बांधलेल्या मशीनला सुरुवातीला सहसा २५:१, लिटरला ४० मिली. जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं घटलं. वर प्लग काळे होतात. तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाचा दर्जा) लिहिलेलं असावं. मोटारसायकलचं टू-टी पाण्याने थंड होणाऱ्या मशीनसाठी बनलेलं नसतं.

दोन सिलिंडरपैकी एकच मार खातोय. पेट्रोलचा दोष असेल?

दोन्हींना मिळून एकच कार्बोरेटर असेल तर जवळजवळ नाहीच. ठिणगी आणि कॉम्प्रेशन बघा. प्रत्येकाला वेगळा कार्बोरेटर असेल तर त्या सिलिंडरचा जेट किंवा सुई तपासा. टाकी, नळी, पंप यांचा दोष असता तर दोन्ही एकत्र पडले असते.

केरोसीनवर चालणारं मशीन सकाळी सुरू होत नाही.

आदल्या दिवशी ते केरोसीनवरच बंद केलं असणार. केरोसीनची मॉडेल्स पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाल्यावर केरोसीनवर न्यायची, आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणून वाटीतलं केरोसीन संपू द्यायचं. थंड मशीनमध्ये केरोसीन पेट घेत नाही. वाटी ड्रेन करा, पेट्रोल भरा, प्लग पुसा. कॉक नीट बंद होत नसेल तर केरोसीन रात्रभर पाझरत राहतं, तेही बघा. आणि स्वस्त पडतं म्हणून पेट्रोलच्या मशीनला केरोसीन पाजू नका. दोन्हींचं कॉम्प्रेशन आणि जेट वेगळे असतात.

समुद्रात असताना हा दोष आला, तर बंदरापर्यंत कसं यायचं?

फुल रेसचा हट्ट सोडा. मशीन ज्या रेसला न अडखळता चालतं तिथेच ठेवा आणि दुसऱ्याने बल्ब सावकाश दाबत राहावं. टाकी शक्य तितकी उंचावर. बल्बच अडकला असेल तर तो काढून नळीची दोन टोकं पितळी जोडनळीने सरळ जोडा. टाकी उंचावर असली की पेट्रोल उतरतं. पेट्रोल तोंडाने ओढून काढू नका. चोक ओढून धरून यायचं हा उपाय दोन-पाच मिनिटांपुरता ठीक, त्याहून जास्त नको. खाडीच्या मुखाशी लाट फुटत असेल तर अशा मशीनवर आत शिरू नका, बाहेर नांगर टाकून मदत मागवा.

होडीत कोणते सुटे भाग ठेवावेत?

दोन्ही कनेक्टरच्या ओ-रिंगा, चार क्लिपा, पितळी जोडनळी, मीटरभर नळी, एक बल्ब, फिल्टर, दोन प्लग आणि प्लगचा पाना. पंपाचं किट घरी असलं तरी चालेल; हलत्या होडीत तो पंप खोलला की स्प्रिंग पाण्यात जाते.

टाकीवरून दोन नळ्या जातात. ही कुठली पद्धत?

१९५०च्या दशकातल्या काही जॉन्सन-इव्हिनरूड मशीनांना पंपच नसतो. एका नळीने क्रँककेसचा दाब टाकीत जातो आणि तो पेट्रोलला दुसऱ्या नळीने वर ढकलतो. इथे वरचं व्हेंटचं उत्तर लागू नाही, उलट झाकण हवाबंदच हवं. झाकणाचं सील गेलं की मशीन मरतं. दाबाखालची पेट्रोलची टाकी पायाशी ठेवण्यापेक्षा अशा मशीनला बाहेरून डायफ्रॅमचा पंप बसवून साधी टाकी लावून घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.